दिव्यांच्या माळेला ‘पुरे’ कोण म्हणणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



नवरात्र उठलं की आमच्या नौपाड्यात गोखले रोडवरून किंवा राम मारुती रोडवरून सरळ चालणं अवघड होऊन बसतं. फूटपाथवर आकाशकंदील टांगलेले असतात, रांगोळीच्या रंगांचे ढीग लागलेले असतात आणि मध्येच एखादा विक्रेता विजेच्या माळांचं भेंडोळं खांद्यावर टाकून उभा असतो. आपण नुसते थबकलो तरी तो माळ लावून दाखवतो आणि म्हणतो, “काका, एलईडी आहे. घेऊन जा, वर्षानुवर्षं बघायला नको.”

त्याचं म्हणणं कागदावर खरं आहे. चांगल्या एलईडी दिव्याच्या खोक्यावर २५ हजार तासांचं आयुष्य छापलेलं असतं. दिवाळीत वीस दिवस, रोज पाच तास माळ लावली, तर वर्षाला १०० तास होतात. म्हणजे हिशेबाने ती माळ २५० वर्षं चालायला हवी. माळेतले छोटे एलईडी तेवढ्या प्रतीचे नसतात हे मान्य. त्यांचं आयुष्य दहावा हिस्सा धरा. तरी २५ वर्षं झाली. आणि आपला अनुभव काय? दुसऱ्या दिवाळीला माळ्यावरून माळ खाली काढावी, तर अर्धी अंधारात आणि उरलेली निम्म्या तेजाने मिणमिणणारी.

एलईडी आपणहून सहसा मरत नाही. त्याला मारलं जातं. मारणारा असतो तो माळेच्या सुरुवातीला असलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत. आज मी त्या डबीविषयी बोलणार आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. तिच्यामुळेच मी या डबीकडे नीट बघायला लागलो.

माझी तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर सप्लाय जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे इमारतीतलं विजेचं कुठलंही किरकोळ काम आपसूक माझ्याकडे यायचं. आम्ही तेव्हा नौपाड्यातल्या एका जुन्या दुमजली इमारतीत राहत होतो. लांबलचक सामायिक गॅलरी आणि तिला लोखंडी ग्रिल. एका दिवाळीला सगळ्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून तयार माळ आणली. लावली मी. ग्रिलच्या पट्टीवरून ताणून घेतली, सुतळीने करकचून बांधली आणि दोन पिनांचा प्लग बोर्डात खोचला. माळ झकास लागली. सगळ्यांनी वाहवा केली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पावसाची एक सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनी दाराशी आल्या. म्हणाल्या, “काका, ग्रिलला हात लावला की मुंग्या येतायत. आधी वाटलं, मलाच काहीतरी होतंय.”

मी टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लख्ख पेटला. ग्रिलमध्ये वीज उतरली होती. जिथे मी सुतळी करकचून आवळली होती, तिथे पट्टीच्या धारेने तारेचं वरचं प्लॅस्टिक कापलं गेलं होतं. वहिनींच्या पायात रबरी सपाता होत्या आणि त्या कोरड्या लादीवर उभ्या होत्या, म्हणून मुंग्यांवर भागलं. त्याच गॅलरीत अर्ध्या तासापूर्वी त्यांचा सहा वर्षांचा मुलगा नव्या पणत्या पाण्यात भिजत घालत बसला होता. अनवाणी, ओल्या लादीवर, ग्रिलपासून हातभर अंतरावर.

मला कोणी काही बोललं नाही. पण ती रात्र मला झोप लागली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे पॉवर सप्लाय तपासले, त्याने स्वतःच्या दारात टांगलेल्या माळेची डबी एकदाही उघडून पाहिली नव्हती.

ती मी दुसऱ्या दिवशी उघडली. आत एक कपॅसिटर, चार डायोड आणि एक रेझिस्टर. बस्स. माळेचा ‘ड्रायव्हर’ म्हणायचा तो एवढाच. ड्रायव्हर म्हणजे घरातली वीज एलईडीला मानवेल अशी करून देणारं मंडल, म्हणजे सर्किट. ते काय करतं आणि काय करायला हवं, हे समजून घ्यायचं तर आधी एलईडीचा स्वभाव समजून घ्यावा लागेल.

जुन्या पिवळ्या बल्बचा स्वभाव पंगतीतल्या शहाण्या पाहुण्यासारखा होता. बल्बमधली तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. थंड तारेच्या तुलनेत तो दहापटीहूनही अधिक होतो. म्हणजे पोट भरलं की हा पाहुणा आपणच ताटावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, पुरे. दाब थोडा वाढला तरी तो बेतानेच घेतो.

एलईडीला ‘पुरे’ म्हणता येत नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्टचा दाब मिळेपर्यंत तो जेमतेम जागा असतो. ३.२ व्होल्टच्या आसपास तो २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो आणि छान उजेड देतो. पण दाब ३.४ व्होल्ट केला, तर प्रवाह पाहता पाहता दुपटीकडे सरकतो. त्यातून एलईडी तापतो आणि तापला की त्याच दाबाला आणखी जास्त प्रवाह घेतो. म्हणजे आग्रहाला बळी पडणारा पाहुणा जेवढं जेवतो, तेवढी त्याची भूक वाढत जाते. शेवटी तो उपाशी मरत नाही, आग्रहाने मरतो.

म्हणून एलईडीला दाब किती द्यायचा हा प्रश्नच गौण आहे. त्यातून प्रवाह किती जाऊ द्यायचा, हे बाहेरून कोणीतरी ठरवायला लागतं. तो ठरवणारा म्हणजे ड्रायव्हर. हा पंगतीतला वाढपी आहे म्हणा.

इथे रंगाचीही एक गंमत सांगून ठेवतो. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास भागवतो, निळ्याला ३ व्होल्ट लागतात. निळ्या प्रकाशाचा एकेक कण लाल प्रकाशाच्या कणापेक्षा अधिक ऊर्जेचा असतो, त्याची ही किंमत. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये बनवला. पण पुरेसा तेजस्वी निळा एलईडी यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आपला पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच असतो. वर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. म्हणूनच पांढऱ्याला निळ्याएवढाच दाब लागतो.

आता त्या डबीकडे वळू. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. खरं तर २३० हा एक प्रकारचा सरासरी आकडा आहे. प्रत्येक आवर्तनात दाब ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. अशा विजेच्या वाटेत ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला, तर त्यातून फार तर २४ मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. फारशी उष्णता न होता, दोन-चार रुपयांच्या एका वस्तूने प्रवाहाला लगाम बसतो. चार डायोड त्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला एकाच दिशेने वळवतात. युक्ती हुशारीची आहे, यात शंका नाही. बंद डब्यात, कोणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणी ती वर्षानुवर्षं वापरली गेली आहे.

पण गॅलरीतल्या माळेत तिचे दोन दोष उघडे पडतात. पहिला दोष एलईडीच्या जिवावर येतो. बटण दाबलं त्या क्षणी दाब नेमका ३२५ व्होल्टच्या शिखरावर असेल, तर रिकामा कपॅसिटर लगाम घालत नाही. तो क्षणभर सरळ वाट मोकळी करून देतो. वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर असला, तरी त्या क्षणी तीन अँपिअरचा झटका बसू शकतो. २० मिलिअँपिअरच्या जिवाला दीडशे पट! तो हजाराव्या हिश्शाच्या सेकंदातच ओसरतो, पण रोज संध्याकाळी एक असा धक्का खाऊन एलईडी हळूहळू दम तोडतात.

दुसरा दोष माणसाच्या जिवावर येतो. या माळेतली प्रत्येक तार, प्रत्येक एलईडीचा प्रत्येक पाय घरातल्या मुख्य विजेला थेट जोडलेला असतो. मध्ये भिंत नाही. कपॅसिटर असतो तो दोनपैकी एकाच तारेत. दोन पिनांचा प्लग कसाही घालता येतो. त्यामुळे फेज कपॅसिटरकडून येईल की दुसऱ्या मोकळ्या तारेतून, हे निव्वळ नशीब. आमच्या ग्रिलला टेकली होती ती मोकळी तार. प्लग उलटा घातला असता तर कपॅसिटर मध्ये आला असता. पण तेव्हाही वीस-बावीस मिलिअँपिअर वाहू शकतात आणि एवढ्या प्रवाहाने हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडवत नाही. म्हणजे सुरक्षित बाजू अशी नव्हतीच.

पुढच्या वर्षी मी ठरवलं की माळ आपणच करायची. इमारतीतली सहा-सात मुलं गोळा झाली. अट एकच होती. माळेला कुठेही हात लागला, पाऊस लागला, तार तुटली, तरी कोणाला काही होता कामा नये. म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज माळेत यायलाच नको. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्यायचा आणि तो घरात, कोरड्या जागी ठेवायचा. चांगल्या ॲडॉप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार एकमेकींना कुठेच टेकत नाहीत. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. मघाशी जी भिंत नव्हती म्हटलं, ती ही.

मग आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घ्यायला येणाऱ्यांसाठी तो लॅमिंग्टन रोडच आहे. साठ पांढरे एलईडी, मूठभर रेझिस्टर, तार आणि एक स्वस्त मल्टिमीटर घेऊन परत आलो.

पहिला प्रश्न होता, १२ व्होल्टवर एका रांगेत किती एलईडी? एका मुलीने लगेच हिशेब केला. “काका, बारा भागिले तीन, चार.” चार जोडून पाहिले आणि ते लागले! रेझिस्टरही लागला नाही. मुलं खूश झाली. मी म्हटलं, जरा थांबा. चार एलईडींना १२ व्होल्टवर प्रत्येकी तीनच व्होल्ट मिळत होते, म्हणून ते अर्धपोटी आणि शांत होते. पण दाब नेहमी बाराच राहील याची हमी कोण देणार? १३.६ व्होल्ट झाले की प्रत्येकाला ३.४ मिळणार आणि त्यांना अडवायला वाटेत कोणीच नाही.

म्हणून एका रांगेत तीन. तिघांचे मिळून ९.६ व्होल्ट. उरलेले २.४ व्होल्ट रेझिस्टरवर सोडायचे. २० मिलिअँपिअरसाठी २.४ भागिले ०.०२, म्हणजे १२० ओहम. शाळेत शिकलेला ओहमचा नियम एवढाच काय तो लागतो. मुलांना फार आनंद झाला. पुस्तकातलं सूत्र कुठेतरी खरोखर वापरलं जातं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असावं.

आणखी एक मोह टाळायचा. सगळे एलईडी शेजारी शेजारी समांतर जोडून सर्वांना मिळून एकच रेझिस्टर लावावा, असं अनेकांना वाटतं. पण एका पुडीतले दोन एलईडीसुद्धा जुळे नसतात. कोणी ३.१ व्होल्टला जागा होतो, कोणी ३.३ ला. जो लवकर जागा होतो तो इतरांच्या वाटणीचंही खातो, तापतो आणि आधी जातो. मग त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो आणि एकेक करून सगळेच जातात. म्हणून प्रत्येक रांगेला तिचा स्वतःचा रेझिस्टर हवा.

पहिल्या रविवारी चार रांगा झाल्या. घरात कुठल्याशा जुन्या उपकरणाचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॉप्टर होता. त्यावर १२ व्होल्ट छापलेलं होतं. तो लावला आणि माळ रात्रभर चालू ठेवली. सकाळी दोन रांगा निळसर, मलूल झालेल्या. हात लावला तर एलईडी चांगलेच गरम. मल्टिमीटर लावल्यावर कळलं की १२ व्होल्ट लिहिलेला तो ॲडॉप्टर प्रत्यक्षात १६ व्होल्ट देत होता. या जुन्या पद्धतीच्या ॲडॉप्टरवरचा आकडा पूर्ण भार असतानाचा असतो. भार कमी असला की दाब चढतो. आमच्या चार रांगांचा भार त्याच्या खिजगणतीतही नव्हता. १६ मधून ९.६ वजा केले, तर ६.४ व्होल्ट उरतात आणि १२० ओहममधून हिशेबाने ५० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जातो. दाब तिसऱ्या हिश्शाने वाढला आणि प्रवाह अडीच पट झाला.

इथे रेझिस्टरची मर्यादा लक्षात येते. तो प्रवाह ठरवत नाही. तो फक्त विरोध करतो, दाब वाढला की नमतो. एका रांगेत तीनऐवजी दोनच एलईडी ठेवले आणि २८० ओहमचा रेझिस्टर घातला, तर त्याच १६ व्होल्टवर प्रवाह ३४ मिलिअँपिअरच्या आसपास राहील. म्हणजे स्थैर्य वाढेल. पण मग जवळजवळ निम्मी वीज रेझिस्टर तापवण्यात जाईल. एकाच रेझिस्टरकडून काटकसर आणि स्थैर्य दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत.

मग खरा वाढपी कसा असतो? रेडिओवर आकृती काढता येत नाही, म्हणून शब्दांतच सांगतो. प्रत्येक रांगेला दोन साधे ट्रान्झिस्टर लागतात. बीसी ५४७ नावाचा दोन-चार रुपयांचा ट्रान्झिस्टर चालतो. पहिला ट्रान्झिस्टर तीन एलईडींच्या खाली, वाटेतल्या दारासारखा बसतो. त्याच्या एमिटरखाली ४७ ओहमचा छोटा रेझिस्टर असतो आणि त्यातून प्रवाह ऋण टोकाकडे जातो. १२ व्होल्टच्या धन टोकापासून १० हजार ओहमचा एक रेझिस्टर पहिल्याच्या बेसला जोडलेला असतो. तो दार उघडं ठेवतो. आता दुसरा ट्रान्झिस्टर. त्याचा बेस पहिल्याच्या एमिटरला, एमिटर ऋण टोकाला आणि कलेक्टर पहिल्याच्या बेसला जोडायचा.

हा दुसरा म्हणजे पंगतीत वाढप्याच्या मागे उभे असलेले वडीलधारे मामा. ते स्वतः वाढत नाहीत. ४७ ओहमवरच्या दाबाकडे डोळे लावून असतात. तो दाब ०.६५ व्होल्टच्या आसपास पोचला की ते वाढप्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि दार तेवढ्यापुरतं आवळलं जातं. ०.६५ भागिले ४७, म्हणजे १४ मिलिअँपिअर. आम्ही २० ऐवजी मुद्दामच १४ धरले. उजेडातला फरक डोळ्यांना फारसा कळत नाही, पण एलईडी गारेगार राहतो आणि त्याचं आयुष्य वाढतं.

मल्टिमीटर रांगेत घालून आम्ही तपासलं. १२ व्होल्टचा नवा ॲडॉप्टर लावला, १४ मिलिअँपिअर. तोच दुष्ट १६ व्होल्टचा लावला, तरी काटा, म्हणजे आकडा, जवळपास तिथेच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. या रचनेचा आणखी एक गुण आहे. ट्रान्झिस्टर तापला की तो ०.६५ चा उंबरठा दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने खाली येतो. म्हणजे हवा तापली की प्रवाह आपोआप थोडा उतरतो. एलईडीच्या खादाडपणाच्या नेमका उलटा हा स्वभाव आणि म्हणून दोघांचं जमतं.

तीन रविवार खर्ची पडले आणि वीस रांगांची, साठ दिव्यांची माळ झाली. सगळी मिळून ०.३ अँपिअर, म्हणजे चार वॉटच्या आत. एक अँपिअरच्या ॲडॉप्टरला हे किरकोळ ओझं. पूर्ण दिवाळीचे १०० तास धरले, तरी अर्ध्या युनिटच्या आतबाहेर वीज लागते. एक एलईडी गेला तर तीनच दिवे विझतात, बाकीची माळ चालू राहते. आणि कुठे बिघडलं ते नुसतं बघून कळतं.

श्रोतेहो, हे फक्त माळेपुरतं नाही. आपल्या घराघरांत आज एलईडी बल्ब आहेत. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने ते सर्वसामान्यांच्या घरी पोचवले. सरकारी घाऊक खरेदीत सुरुवातीला तीनशे रुपयांपलीकडे असलेली एका बल्बची किंमत दोनेक वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आली. पण असा बल्ब वर्षभरात गेला, तर तो उघडून पाहणाऱ्याला बहुतेक वेळा एलईडी धडधाकट आणि ड्रायव्हर मेलेला सापडतो. ड्रायव्हरमध्ये बऱ्याचदा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, त्यात ओलसर रसायन असतं आणि उष्णतेने ते सुकत जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून बंद काचेच्या हंडीत लावलेला एलईडी बल्ब लवकर जातो आणि मोकळ्या होल्डरमधला टिकतो. दिव्याला हवा लागू द्या, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

दुसरं उदाहरण पवईचं. आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या गावांमध्ये तो राबवला गेला. मला त्यात दिव्यांच्या संख्येपेक्षा एक गोष्ट मोलाची वाटते. दिव्याची जोडणी, विक्री आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवली गेली. ज्याने दिवा स्वतः जोडला आहे, त्याला तो बिघडला की फेकून द्यावासा वाटत नाही. तो उघडून बघतो.

प्रत्येकाने माळ घरीच करावी, असा माझा आग्रह नाही. आग्रहाचे परिणाम आपण आत्ताच पाहिले. पण विकत घेताना काही गोष्टी जरूर बघा. शक्यतो ॲडॉप्टरवर चालणारी कमी दाबाची माळ घ्या आणि ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. ॲडॉप्टर घरातच राहू द्या, गॅलरीत फक्त माळ जाऊ द्या. थेट भिंतीतल्या विजेवर चालणारी माळ असेलच, तर ती लोखंडी ग्रिल, पत्रा किंवा ओल्या कुंडीपासून दूर ठेवा. ती सुतळीने आवळू नका, आणि हात लावण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या घरांत बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत जोडलेलं असतं. अशी माळ जाणकार नसलेल्या माणसाने उघडूही नये. आणि वायरमनला सांगून घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्या. वीज भलत्या वाटेने जायला लागली, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. आमच्या जुन्या इमारतीत तो नव्हता. असता, तर ग्रिलमधून पुरेशी वीज झिरपू लागताच तो पडला असता.

ती इमारत आता नाही. नौपाड्यातल्या इतर अनेक जुन्या इमारतींसारखी तीही पुनर्विकासाला गेली. गॅलरी गेली, ग्रिल गेलं. माळ मात्र वहिनींनी जपून नेली. आजवर तिच्या दोन रांगांतले एलईडी बदलावे लागले, ड्रायव्हर मूळचेच आहेत. पणत्या भिजत घालणारा तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि दर दिवाळीला माळ तोच लावतो. लावून झाली की वहिनी अजूनही खिडकीच्या गजाला आधी हाताची उलटी बाजू टेकवून बघतात. मी त्यांना सांगतो, “वहिनी, बारा व्होल्ट आहेत, काही होणार नाही.” त्या म्हणतात, “माहीत आहे काका. पण बघितलेलं बरं.”

बघितलेलं बरं, हे मला त्या दिवाळीच्या आधी कळायला हवं होतं. आपल्या दारातली माळ लावण्यापूर्वी आपण तेवढं बघाल, अशी आशा आहे.